दहापर्यंत

इव्हारचा जीव गेला तेव्हा मी त्याच्यापासून सात हजार किलोमीटर लांब होतो. मिरजेत, मार्केट यार्डामागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसलो होतो. पायात चप्पल नव्हती, डोक्यावर पंखा होता, खाली रस्त्यावर कलिंगडाचे गाडे लागले होते. तरी त्याला मारलं मीच. कागदावर तसं कुठंच नाही. कागदावर 'यंत्रातील दोष' असं आहे. म्हणून तर सांगायला बसलोय.

मी संकेत खोत. वीस वर्षं झाली, मिरजेबाहेरच्या एका खासगी मनोरुग्णालयात अटेंडंट आहे. लोक वॉर्डबॉय म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांचा बॉय, डोंबल! आमचं काम काय, तर पेशंट भडकला की त्याला धरायचं. मारायचं नाही, बांधायचं नाही, सिस्टर इंजेक्शन भरून आणेपर्यंत नुसतं धरून ठेवायचं. हे मला मुल्लाचाचांनी शिकवलं. चाचा आमच्यातले सगळ्यांत जुने. मागून जायचं, दोन्ही काखांतून हात घालून त्याच्या छातीवर आपलंच मनगट पकडायचं, आपली छाती त्याच्या पाठीला चिकटवायची आणि त्याला घेऊन खाली बसायचं. मग दहापर्यंत मोजायचं. घाईनं नाही, आपल्या एका श्वासाला एक आकडा. तोवर त्याचा श्वास आपल्या छातीला लागत असतो. आधी लोहाराच्या भात्यासारखा चालतो, मग उतरायला लागतो. उतरला की हात आपोआप ढिले होतात.

"दहाच्या पुढं मोजायची वेळ आली ना संकेत," चाचा म्हणायचे, "तर समज, पेशंट नाही, तूच भडकलायस."

हजारभर माणसं धरली असतील मी. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी अन्वी तेरा वर्षांची. तिला दमा. वीटभट्ट्या, हायवेची धूळ, एप्रिलमध्ये सेहेचाळीस डिग्री, आणि पोरगी खिडक्या लावून घरात. शाळा वर्षातून चार महिने. छातीतून शिट्टी वाजायला लागली की तेजश्री, म्हणजे माझी बायको, मशीन लावून तिच्या पाठीवर हात फिरवत बसायची, आणि मी दारात उभा राहून तिचे श्वास मोजायचो. दुसरं काय करणार? चौथ्यांदा ॲडमिट केल्यावर डॉक्टर म्हणाले, "औषधं मी देतोय हो खोत. पण हवा कुठून आणू?"

त्या दिवसापासून आमच्या घरात 'तिकडं' सुरू झालं.

तिकडं म्हणजे उत्तरेकडचा एक देश. नाव सांगत नाही, करारातच तशी अट आहे. "तिकडं म्हणे झाडाच्या पानावर धूळच नसते." "तिकडं म्हणे पोरं चालत शाळेला जातात." तिकडं म्हातारे फार आणि सांभाळायला माणसं कमी. आमच्यासारख्या अटेंडंटांना ते कुटुंबासकट कायमचं घेतात. त्याआधी एकवीस दिवस तिथं राहून दाखवायचं. त्यांनी आपल्याला बघायचं, आपण त्यांना. पण विमानानं नाही, पाहुणा म्हणून.

पाहुणा म्हणजे यंत्राचं शरीर. माणसाएवढं, दोन हात, दोन पाय, चेहऱ्याच्या जागी काच, आणि काचेवर तुमचा चेहरा. इथं खुर्चीत बसून अंगात जाकीट, हातात मोजे, डोक्यावर टोप घालायचा. तुम्ही हात उचलला की तिथं पाहुणा हात उचलतो. त्याच्या तळहाताला गरम लागलं की तुमच्या मोज्यात गरम लागतं. कुणी त्याला मारलं तर तुम्हालाही लागतं, पण तीस टक्केच, तेवढी मर्यादा घातलेली असते. हात, पाठ, गुडघे, सगळीकडं हे जाणवणारं कातडं आहे. फक्त छातीवर नाही, कारण छातीत बॅटरी असते.

आता गंमत ऐका. इथला इशारा उपग्रहावरून तिथं जाऊन परत यायला पाव सेकंद लागतो. पाव सेकंदात हातातला कप फुटतो. म्हणून पाहुणा तुमची वाट बघत बसत नाही. पहिले तीन दिवस तो तुमच्या लकबी शिकतो, आणि मग तुम्ही हात उचलायला लागलात की पुढचं अंदाजानं तोच पुरं करतो. माझा पाहुणा आजारी माणसं उचलायचा होता, नव्वद किलो आरामात उचलायचा. तीन दिवसांत तो माझ्यासारखाच पाय फाकवून उभा राहायला लागला. तेजू पडद्यावर बघून हसली. "अगदी तुम्हीच की हो! फक्त पोट नाही."

पण त्याला नाक नव्हतं. श्वासही नव्हता. मी ज्या हवेसाठी निघालो होतो ती मला डोळ्यांसमोर कोपऱ्यात नुसती आकड्यात दिसायची. हवा, ४. आकडा जेवढा कमी तेवढी हवा स्वच्छ. मिरजेत त्याच वेळी दोनशे ऐंशी असायची. मी घरी येऊन अन्वीला रोज आकडा सांगायचो, आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवायची.

मला राहायला रूनाबाईंचं घर दिलं होतं. चौऱ्याहत्तरीची बाई, ताठ, अंगणातला बर्फ स्वतः फावड्यानं काढायची. तिचं बोलणं माझ्या कानात मराठीतून यायचं, एका गोड आवाजाच्या बाईच्या तोंडून. ती यंत्रातली बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायची, शिवीसुद्धा अदबीनं द्यायची. मी सकाळी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचलायचो, बसवायचो, भरवायचो. दुपारी रूनाबाईंच्या स्वयंपाकघरात बसायचो. खाणं नाही, पिणं नाही, नुसत्या गप्पा.

एकदा तिनं विचारलं, वेड्या माणसाला धरता कसं? मी धरून दाखवलं. हलकेच, तळहातांवर तिच्या स्वेटरची लोकर लागत होती. दहापर्यंत मोजलं आणि सोडलं.

"दहा पुरतात?" तिनं विचारलं.

"पुरतात. त्याच्या पुढं गेलं तर धरणाऱ्यातच काहीतरी बिघडलंय."

तिला ते इतकं आवडलं की पुढं भांडं करपलं तरी ती दहा मोजायची. आणि रोज निघताना एकच प्रश्न. कानातली बाई म्हणायची, "आज मुलीचा श्वास कसा आहे?"

अशी बाई. आणि तिचा मुलगा इव्हार.

चाळिशीचा, दाराच्या चौकटीएवढा उंच. तो त्याच वृद्धाश्रमात चौदा वर्षं माझंच काम करत होता. मग पाहुणे आले. आम्ही एकवीस दिवस फुकट राबायचो, कारण ती आमची परीक्षा. आमचे एकवीस संपले की दुसरे येणार, मग तिसरे. सतत कुणीतरी परीक्षा देतंय म्हटल्यावर पगारी माणूस कोण ठेवेल? इव्हारला घरी बसवलं. त्याचं डोकं फिरलं यात नवल काय? मी त्याच्या जागी असतो तर माझंही फिरलं असतं. पण त्याच्या जागी मी होतो ते वेगळ्याच अर्थानं, आणि ते त्याला रोज सकाळी दिसत होतं.

तिकडं एक खेळ निघाला होता, पाहुणे फोडायचा. आठव्या दिवशी मी पुलावर बघितला. चार-पाच जणांनी एका पाहुण्याला कठड्याला दोरानं बांधलं होतं आणि एकजण कुऱ्हाडीनं त्याचे हात तोडत होता. काचेवर एका बाईचा चेहरा होता, तोंड उघडलेलं. कुठली होती कोण जाणे. माझ्या कानात भाषांतर येत नव्हतं, नुसती किंकाळी येत होती, कारण किंकाळीचं भाषांतर होत नाही. दुसरा हात खांद्यातून तुटला तरी ती खांदे हलवत होती, तोंडावरचे केस बाजूला करावेत तशी. मी धावलो तर एकानं माझ्या पाठीत लाथ घातली. मी उलटा हात उचलला नाही. उलटा हात उचलला की अर्ज बाद, असा नियम होता. मी तिथं उभा राहून बघत राहिलो. अजून लाज वाटते.

पोलीस आले, फोटो काढले, फॉर्म भरला. मालमत्तेचं नुकसान. तिथला कायदा साधा होता, पाहुणा म्हणजे सामान. सामान फोडलं तर दंड भरायचा आणि घरी जायचं. आत माणूस आहे, त्याला लागतंय, हे कायद्याच्या गावीही नव्हतं.

घरी आल्यावर तेजू म्हणाली, "असल्या देशात पोरीला न्यायची?"

"आकडा बघ," मी म्हटलं. "चार."

रात्रभर पोरगी खोकत होती.

बाराव्या दिवशी इव्हारनं मला अंगणात गाठलं. मी बर्फ काढत होतो. त्यानं माझ्या हातातलं फावडं हिसकावलं आणि गुडघ्यावर घातलं. तीस टक्के असलं तरी डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी पडलो. त्यानं दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा तोंडावर. काच तडकली आणि मला जग दोन तुकड्यांत दिसायला लागलं. इथं खुर्चीत मी ओठ चावला होता, रक्त आलं होतं. कानातली बाई शांतपणे सांगत होती, "तुम्ही घाण आहात. तुम्ही माझ्या आईच्या घरातून चालते व्हा." मी पालथा पडून दोन्ही हात डोक्यावर घेतले. रूनाबाई ओरडत बाहेर आली तेव्हा तो थुंकला आणि गेला.

माझ्या फाईलवर त्या दिवशी शेरा पडला. 'संयम, उत्कृष्ट.'

मग एकोणिसावा दिवस. फक्त दोन दिवस राहिले होते.

सकाळी अन्वीला अटॅक आला. नेहमीचा नाही, ओठ निळे पडले. तेजू तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली आणि मला म्हणाली, "तुम्ही जा तिकडं. आज दांडी मारली तर एकोणीस दिवस पाण्यात. जा म्हणते ना!" मी गेलो. बाप असून खुर्चीत जाऊन बसलो. दुपारभर कोपऱ्यात 'हवा, ३' दिसत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं ते निळे ओठ.

तिथं दुपारचे दोन वाजले होते. मी रूनाबाईंच्या टेबलाशी बसलो होतो. इव्हार आत आला तो दार लाथेनंच उघडून. हातात लोखंडी पाइप. पहिला फटका टेबलावर बसला, बशा उडाल्या. दुसरा माझ्या बोटांवर, डाव्या हाताची दोन बोटं तुटून पडली. रूनाबाई मधे आली. त्यानं तिला ढकललं. मारायला नाही, बाजूला करायला. पण ती म्हातारी बाई, तोल गेला आणि शेगडीच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटून बेशुद्ध पडली. कपाळातून रक्त नाकापर्यंत आलं. त्यानं ते बघितलं, क्षणभर थांबला, आणि त्याचाही राग माझ्यावरच काढला. पाइप रोखून काहीतरी ओरडला. कानातली गोड बाई म्हणाली, "तुमची मुलगी इथे आली तर मी तिलाही असेच फोडीन."

मी त्याच्या मागं गेलो. वीस वर्षांची सवय, विचार करावाच लागत नाही. काखांतून हात, छातीवर मनगट, छाती पाठीला, खाली बसलो. पाहुण्याला माझी लकब पाठ होती. मी अर्धं केलं, उरलेलं त्यानं केलं.

एक. दोन. तीन.

इव्हार टाचा आपटत होता. त्याचं डोकं माझ्या काचेवर आदळत होतं. चार. पाच. पाइप हातातून सुटून घरंगळत गेला. सहा. काहीतरी कट् वाजलं. सात. पुन्हा वाजलं.

दहा.

दहाला हात ढिले होतात ते श्वास लागतो म्हणून. आणि माझ्या छातीवर काहीच लागत नव्हतं. तिथं बॅटरी होती. माझे हात वाट बघत राहिले, श्वास उतरल्याशिवाय सोडायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. नव्वद किलो उचलणारे हात. कंपनीला मी एवढंच सांगितलं, आणि दहापर्यंत ते खरं आहे.

पण अकराव्या आकड्याला मला त्याचा तळहात दिसला. फरशीवर उघडा पडलेला, बोटं सैल. हजार माणसं धरलीत मी. झोपलेल्याचा हात कसा असतो, बेशुद्धाचा कसा, मला कळतं. मला कळलं होतं. आणि मी मोजत राहिलो. बारा. तेरा. निळे ओठ. पंधरा. पुलावरची ती बाई. वीस. तिलाही असेच फोडीन. तीस. मला बरं वाटत होतं. काय लपवायचं आता? एकोणीस दिवस मार खाल्लेलं, वीस वर्षं कुणाला न मारलेलं, सगळं त्या मिठीत ओतत होतो, आणि आत थंडगार बरं वाटत होतं.

एकेचाळीसला सोडलं.

रूनाबाई शुद्धीवर आली तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याच्या तोंडातून गुलाबी फेस आला होता, स्वेटरभर पसरला होता. ती रांगत आली. तिनं त्याच्या छातीला हात लावला आणि हात आत गेला, बरगड्या जागेवर नव्हत्या. तिनं जो हंबरडा फोडला त्याचंही भाषांतर झालं नाही.

चौकशी पाच दिवसांत आटोपली. पडद्यावर एक अधिकारी होते, फार सभ्य. "पाहुणा हे सामान आहे," ते म्हणाले. "सामानामुळे कुणी दगावलं तर तो अपघात. अंदाज बांधणाऱ्या भागानं तुमची पकड चुकीनं कायम ठेवली. तुमचा दोष नाही." आम्हाला फोडायची सोय ज्या कायद्यानं केली, त्याच कायद्यानं मला सोडवलं. मी तोंड उघडलं होतं. "साहेब, पकड मीच—" अन्वी त्या दिवशी ऑक्सिजनवरून उतरली होती, बाहेर बाकावर तेजूला टेकून बसली होती. काचेतून दिसत होती. मी तोंड मिटलं.

महिन्यानं पत्र आलं. मंजूर. तिघांना, कायमचं. सोबत यजमानाचं शिफारसपत्र जोडलं होतं, नियमच होता तसा. रूनाबाईनं लिहिलं होतं, 'यंत्र बिघडलं तरी आतल्या माणसानं माझ्या मुलाला शेवटपर्यंत धरून ठेवलं. मांडीवर घेतलं. हा माणूस आमच्या गावात यावा. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत.'

अन्वी घरभर नाचली आणि नाचून धाप लागली म्हणून हसत खाली बसली.

तेजूला सांगितलं. अकरापासून एकेचाळीसपर्यंत सगळं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली, चांगली पानं कचऱ्यात आणि देठ टोपलीत टाकत.

"मला सांगितलंत, बास झालं," शेवटी ती म्हणाली. "आता आणखी कुणाला सांगायचं नाही."

"त्या बाईच्या घरात राहायचं? तिच्या हातचा चहा घ्यायचा?"

"घ्यायचा! पोरीसाठी विष घ्या म्हटलं असतं तर घेतलं असतंत ना? मग चहा घ्या." तिचा आवाज फाटला. "माझ्या मांडीवर निळी पडली होती ती. तुमचं मन मोकळं करायला तिचा श्वास नाही देणार मी."

तिचं काय चुकलं, सांगा. मला अजून सापडलेलं नाही.

जाण्याआधी प्रत्येकाला एक तासाची शेवटची भेट मिळते, घर बघायला. तेजूला न सांगता मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसलो. जाकीट घालताना तिथल्या मुलीला म्हटलं, "वेदना शंभरवर ठेवा."

"काका, वेड लागलंय का? शंभर कुणी ठेवत नाही. हार्टचा त्रास होऊ शकतो."

"फॉर्म असेल ना? द्या. अंगठा देतो."

नवा पाहुणा होता, बोटं शाबूत. रूनाबाई अंगणात बर्फ काढत होती. मला बघून तिनं फावडं भिंतीला टेकवलं आणि पुढं येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. शंभर टक्क्यांवर तिचे हात किती खरखरीत होते ते पहिल्यांदा कळलं. तिनं नेहमीचंच विचारलं. "मुलीचा श्वास कसा आहे?"

"बाई," मी म्हटलं, "यंत्र बिघडलं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. तळहात दिसला होता ते. बरं वाटलं ते. एकेचाळीस. ती माझ्या काचेकडे बघत राहिली, भाषांतर संपून गेलं तरी. मग तिनं माझे हात सोडले, दोन पावलं मागं गेली आणि फावडं उचललं.

पहिला घाव मानेवर बसला. आई गं! खुर्चीत मी असा उसळलो की पट्टा तुटला. तीस टक्के म्हणजे काहीच नव्हतं, पोरखेळ होता. ती काहीतरी बोलली, आणि कानातली बाई गोड आवाजात म्हणाली, "एक."

दुसरा खांद्यावर. "दोन." तिसऱ्याला गुडघा मोडला, मी बर्फात पडलो. "तीन." चौथा, पाचवा पाठीवर, फावड्याच्या कडेनं. माझ्या तोंडातून गुरासारखा आवाज येत होता, खालचे कलिंगडवाले वर धावत आले म्हणे, मला पत्ता नाही. "सहा." मी हात डोक्यावर घेतले नाहीत. "सात." काच फुटली. म्हातारी रडत होती, धापत होती, आणि प्रत्येक धापेला एक घाव घालत होती. "आठ." उजवा हात कोपरातून तुटला, आणि तो अजून माझा होता, अजून दुखत होता. "नऊ."

"दहा."

मी अकराव्याची वाट बघत पडलो होतो. तो आला नाही.

फुटक्या काचेतून तिचे बूट दिसत होते, आणि त्यांच्याशेजारी फावडं, खाली ठेवलेलं. ती बर्फात बसली. पुष्कळ वेळ फक्त तिची धाप ऐकू येत होती. मग ती बोलली, आणि कानातल्या बाईनं अदबीनं सांगितलं, "मुलीला पाठवा. तिच्या आईला पाठवा. तुम्ही येऊ नका."

तेजू आणि अन्वी गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. रूनाबाईंच्या वरच्या खोल्यांत राहतात. मी कामावर जातो, पण आता कुणाला धरत नाही, चाचांना सांगून औषधांच्या खोलीत बदली मागून घेतली. उजवा हात पावसाळ्यात कोपरापासून ठणकतो. डॉक्टर म्हणतात, हाताला काहीही झालेलं नाही. लोक भेटले की विचारतात, "काय खोत, कसा आहे हो तो देश? राहण्यासारखा आहे का?" मी म्हणतो, आहे. माझी मुलगी राहते तिथं.

दर रविवारी अन्वी फोन करते. शाळेमागच्या टेकडीवर पळत जाते, वर पोचली की म्हणते, "पप्पा, ऐका हं," आणि फोन छातीला लावते. शिट्टी नाही, घरघर नाही. धापेचा श्वास आधी जोरात चालतो, मग हळूहळू उतरतो. मी खिडकी लावून घेतो, फोन कानाला घट्ट धरतो आणि मोजतो. तिला वाटतं, पप्पांनी अजून ऐकावं. ती म्हणते, "अजून थोडं, पप्पा." पण मी दहापर्यंतच मोजतो आणि फोन ठेवतो.